वासूमेस्तांची दोन उलांड्यांची होडी

होडी उलटून वीस तास झाले होते आणि प्रसादने ट्रॉलर सांगून ठेवला होता. उद्या सकाळी आठला येणार, दोर लावणार आणि ओढून सरळ करणार. हे सगळं त्याने मला तारकर्लीच्या वाळूत उभं राहून, मोबाइलवर बोटं चालवत सांगितलं. मला बोलावलं होतं ते सल्ला विचारायला नव्हे. दोर कुठे बांधायचा एवढंच त्याला हवं होतं.

समोर दीड-दोनशे मीटरवर होडीचं पालथं बूड दिसत होतं. मधलं मोठं अंग आणि दोन बाजूंना दोन बारीक. मधल्या बुडावर एक बगळा आरामात बसला होता. वाळूत थोडं पुढे प्रसादचे वडील वासूमेस्त, होड्या बांधणारे मिस्त्री, बसले होते. ते होडीकडे बघत नव्हते. गुडघ्यांवर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"ट्रॉलर नको," मी म्हटलं.

"मगे काय करूचा, काका? शिवरात्र आठ दिवसांर इली."

मी कोण ते सांगतो. अठ्ठावीस वर्षं मी आखातात सॅल्व्हेजच्या कामात होतो. सॅल्व्हेज म्हणजे बुडालेली, उलटलेली, रुतलेली जहाजं आणि बोटी बाहेर काढणं. साध्या हेल्परपासून फोरमनपर्यंत चढलो. शेखांच्या शर्यतीच्या कॅटमरान, म्हणजे दोन अंगांच्या बोटी, उचलल्या, सिमेंटने भरलेले बार्ज उचलले, एकदा तर बोटीवरून पाण्यात पडलेली नवीकोरी गाडी उचलली. निवृत्त होऊन घरी आलो त्याला सहा वर्षं झाली. या अख्ख्या नोकरीत माझ्या गावच्या समुद्रातली एकही होडी मी सरळ केली नव्हती. ही गोष्ट मला फार लागते. कोणी 'आखातात काय करायचात' असं विचारलं की ती हमखास आठवते.

आता होडीविषयी. आमच्या बाजूच्या जुन्या होड्यांना एका अंगाला उलांडी असते. उलांडी म्हणजे हलक्या लाकडाचं लांबट तरंडं. होडीपासून चार-पाच हात दूर, दोन आडव्या दांड्यांनी बांधलेलं. होडी अरुंद असली तरी त्याच्या आधाराने कलंडत नाही. वासूमेस्तांनी उभ्या आयुष्यात अशा होड्या बांधल्या. मग फायबर आलं, आणि लाकडाची होडी कोणी मागेनासं झालं. वयाच्या पंचाहत्तरीला त्यांनी ही एक बांधायला घेतली. चार वर्षं लागली. प्रसादचा धंदा पर्यटकांचा, स्कूबाचा. पर्यटक कुठेही बसतात, म्हणून त्याने दोन्ही बाजूंना उलांड्या लावायला सांगितल्या. याला इंग्रजीत ट्रायमरान म्हणतात. मेस्त तिला 'दोन उलांड्यांची' एवढंच म्हणत.

पण मेस्तांनी ती पर्यटकांसाठी बांधलीच नव्हती. पूर्वी महाशिवरात्रीला आमच्याकडची माणसं शिडाच्या होडीने कुणकेश्वरच्या जत्रेला जात. पहाटे निघायचं, उन्हं तापायच्या आत समुद्रातून देऊळ दिसायचं. माझ्या वडिलांची होडी मेस्तांनीच बांधली होती आणि त्या होडीतून दोघं दरवर्षी जात. एका वर्षी मलाही नेलं होतं. मी सात वर्षांचा होतो. मला फक्त ओल्या दोराचा वास आणि वडिलांची पाठ आठवते. पुढे रस्ते झाले, एसटी झाली, शिडं गेली. मेस्तांना एकदाच, स्वतः बांधलेल्या होडीतून, शिडावर कुणकेश्वर बघायचं होतं. हात थरथरायला लागले होते. डॉक्टरांनी त्या थरथरीला एक नाव दिलं होतं आणि गोळ्या दिल्या होत्या. "ही शेवटची," ते मला म्हणाले होते, "आता हातात वाकस रवणा नाय." वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार.

ही होडी मोडली असती तर दुसरी बांधणारा कोणी नव्हता. मेस्तसुद्धा आता बांधू शकणार नव्हते. प्रसादला हे कळत नव्हतं असं नाही. पण त्याचा स्वभाव फायबरचा आहे. तुटलं की नवीन लाव.

उलटली कशी, तेही सांगतो. दुपारी आमच्याकडे वायव्येचा वारा चढतो. प्रसाद आणि त्याचा एक मित्र ट्रायल म्हणून बाहेर गेले होते. शिडाचा दोर हातात धरायचा असतो, कारण वाऱ्याचा झपका आला की तो तत्काळ सोडावा लागतो. प्रसादला फोन आला, म्हणून त्याने तो खुंटीला बांधून टाकला. साधी होडी वाऱ्याने कलते. माणसाला भीती वाटते आणि माणूस शहाणा होतो. दोन-तीन अंगांची होडी कलतच नाही. शेवटपर्यंत सरळ राहते आणि मग एकदम जाते. गेली की आणखी एक पंचाईत. जेवढी ती सुलट असताना स्थिर, तेवढीच उलटी असतानाही स्थिर. महिनाभर ठेवली तरी ती आपण होऊन सरळ होणार नाही.

दोघंही पोहून आले. फोन बुडाला. माणसं वाचली हे खरंच मोठं, पण मेस्त त्या दिवशी जेवले नाहीत.

बंदर कार्यालयातले साहेब दुपारी येऊन गेले. मी त्यांच्याशी ऑफिसच्या मराठीत बोललो. ते तरुण होते आणि वागायला सरळ होते. होडी पर्यटकांच्या बोटींच्या वाटेत आहे, उद्या संध्याकाळपर्यंत हलवली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

"ट्रॉलरने ओढायला काय हरकत आहे?" त्यांनी विचारलं.

"ट्रॉलर लाटेबरोबर वरखाली होतो. दोर एकदा ढिला, एकदा ताठ. ताठ होताना जो हिसका बसतो त्याने उलांडीचे दांडे मोडतील."

"मग क्रेन?"

"पाण्यात उतरणारी क्रेन इथे कुठली? आणायची म्हणजे दोन आठवडे."

"मग तुमच्याकडे काय आहे?"

माझ्याकडे काहीच नव्हतं. उद्या सकाळपर्यंत सांगतो, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

संध्याकाळी किनाऱ्यावर रापण लागली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात गोल सोडतात, दोन्ही टोकांचे दोर वाळूत आणतात, आणि दोन रांगांत चाळीस-पन्नास माणसं ते हळूहळू ओढतात. लहानपणी मीही ओढलंय. त्या संध्याकाळी तासभर मी नुसता बघत बसलो. माणसं मागे मागे जात होती, शेवटचा माणूस दोर सोडून पुढे येऊन पुन्हा धरत होता, आणि दोर कुठेच ढिला पडत नव्हता. हिसका नाही. घाई नाही. आखातात दोर ओढायच्या हायड्रॉलिक विंचवर ज्यासाठी आम्ही पैसे मोजायचो, ते इथे पायजमे दुमडून माणसं फुकट करत होती.

मी उठून बाबल तांडेलाकडे गेलो. रापणीचा प्रमुख तो. त्याला सांगितलं, उद्या अकराच्या सुमाराला मला मासे नकोत, वासूमेस्तांची होडी ओढून हवी आहे. बाबलने मेस्त बसले होते तिकडे बघितलं. त्याच्या रापणीच्या होडीला गेल्या वर्षी नवी फळी मेस्तांनीच घातली होती.

"येतलो सगळे," तो म्हणाला.

सकाळी साडेसहाला काम सुरू केलं. ट्रॉलरला नको म्हणून फोन केला, प्रसादच्याच दुसऱ्या फोनवरून. पहिलं काम डोलकाठीचं. होडी उलटी झाली की डोलकाठी खाली जाते. इथे पाणी पाच मीटर आणि डोलकाठी साडेसहा. म्हणजे ती तिरकी होऊन तळाच्या वाळूत रुतलेली. अशा वेळी ओढलं तर आधी डोलकाठी जाते आणि जाता जाता होडी फाडून जाते. प्रसाद टाकी लावून खाली गेला. पोरगा पाण्यात उत्तम आहे, हे कबूल. पाऊण तासात त्याने ताणाचे दोर सोडवून डोलकाठी मोकळी केली आणि शीडही गुंडाळून वर आणलं. मी वर त्याच्या इंजिनाच्या बोटीत बसून बुडबुड्यांकडे बघत होतो. मला पाण्यात उतरायला डॉक्टरने मनाई केली आहे. कानांचे पडदे कमजोर झालेत. त्या पाऊण तासात मला जेवढं खाली जावंसं वाटलं, तेवढं गेल्या सहा वर्षांत वाटलं नव्हतं. हाताला पाणी लावून बघितलं. फेब्रुवारीतलं गार पाणी.

दुसरं काम बुडवण्याचं. तीन अंगांची होडी सरळ करायची तर आधी तिचं एक अंग बुडवावं लागतं. किनाऱ्याकडची उलांडी पाण्याने भरायची, म्हणजे ती खाली जाते. मग समुद्राकडची उलांडी वर उचलून, डोक्यावरून किनाऱ्याकडे आणायची. होडी कुशीवर उभी राहते आणि पलीकडे सरळ पडते. जुन्या उलांड्या भरीव लाकडाच्या असत. या दोन मेस्तांनी पोकळ केल्या होत्या. प्रत्येकीला वरच्या अंगाला झाकण आणि मागे खाली एक लाकडी बूच. उलटी असल्यामुळे झाकण पाण्याखाली आणि बूच हवेत. दोन्ही उघडलं की खालून पाणी आत, वरून हवा बाहेर.

मेस्तांना आम्ही बोटीत घेतलं होतं. मी बुचाला हात घातला तेव्हा ते म्हणाले, "मोहन, ता बूच पाणी काढूक ठेवलंय. घालूक नाय."

"वासूकाका, आधी बुडवल्याशिवाय ती उठणार नाही."

 ते स्वतः पुढे सरकले आणि दोन्ही हातांनी बूच उपटलं. हवा शिटी वाजवत बाहेर यायला लागली. त्यांनी तोंड फिरवलं.

तिसरं काम दोरांचं. पालथ्या बुडावर आम्ही सुरूच्या दोन वाशांचा इंग्रजी ए अक्षरासारखा घोडा उभा केला. समुद्राकडच्या उलांडीच्या दोन्ही दांड्यांना दोर बांधला, तो घोड्यावरून नेऊन किनाऱ्यावर दिला. घोडा कशाला? दोर जितका उंचावरून जाईल तितकी उचल चांगली मिळते. होडी नुसतीच किनाऱ्याकडे घसरू नये म्हणून समुद्राच्या बाजूला दोन नांगर टाकले. शेवटी चेक लाइन. हा उलट बाजूने धरलेला दोर. होडी उभी राहून पलीकडे पडायला लागली की धाडकन आपटू नये म्हणून हा दोर धरायचा आणि हळूहळू सोडत जायचं. किनाऱ्याकडून ओढ चालू आहे तोवर मात्र तो ढिलाच हवा. चेक लाइन मी घेतली. प्रसादच्या बोटीच्या खुंटाला एक वेढा दिला आणि टोक हातात धरलं. आखातात नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगायचो, दोर पळायला लागला की हात काढ. होडी पुन्हा उचलता येते, बोटं येत नाहीत.

किनाऱ्यावर मी सगळ्यांना समजावून आलो होतो. एक शिटी म्हणजे ओढा. दोन लांब शिट्या म्हणजे सोडा. होडी उभी राहिली की मी दोन शिट्या देईन, त्यानंतर एक इंचही ओढायचं नाही. चाळीस माणसांनी माना डोलवल्या. मला बरं वाटलं. इथेच मी चुकलो.

रापणीत दोर सोडणं नसतं. जाळ्याचं तोंड एकदा किनाऱ्याकडे वळलं की दोर एक क्षणही ढिला पडता कामा नये, नाहीतर मासळी खालून निसटते. लहानपणी एकदा माझ्या हातून दोर सुटला होता तर वडिलांनी सगळ्यांदेखत माझा कान पिळला होता. आणि जाळं जवळ येतं, मासळी चमकायला लागते, लोक ओरडायला लागतात, तेव्हा तर जीव खाऊन ओढायचं असतं. या माणसांच्या हाताला पन्नास वर्षं हेच माहीत. हे मला आठवायला हवं होतं. मी तिथलाच आहे.

अकरा दहाला मी एक शिटी दिली. दोर ताठ झाला, पाणी उडालं, आणि समुद्राकडची उलांडी पाण्यातून उठली. फार सुंदर उठली. अठ्ठावीस वर्षांत विंचवर मी इतकी मऊ उचल बघितली नव्हती. हातभर, दोन हात, मग पुरुषभर. मधलं अंग कुशीवर वळलं. मेस्त बोटीत उभे राहिले. मी त्यांना बसा म्हणालो, ते बसले नाहीत. उलांडी सरळ आभाळाकडे उभी राहिली तेव्हा किनाऱ्यावरच्या पर्यटकांनी आरोळी ठोकली.

मी दोन लांब शिट्या दिल्या.

आरोळीत त्या कोणाला ऐकू गेल्या नसतील. ऐकू गेल्या असतील तरी फरक पडला नसता. उलांडी वर आली, लोक ओरडले, रापणकरांनी जीव खाऊन ओढलं. मी पुन्हा शिटी मारली. होडी किनाऱ्याकडे झुकली आणि माझ्या हातातला दोर पळायला लागला.

तेव्हा मी हात काढायला हवा होता. होडी धाडकन पाण्यात पडली असती, पाणी उडालं असतं, घोडा मोडला असता. बस. पण मी सोडलं नाही. दुसरा वेढा टाकला, पाय बोटीच्या काठाला लावले आणि धरून राहिलो. तिकडे चाळीस माणसं, इकडे मी आणि खुंट. दोन्ही दोर त्याच एका उलांडीला. 'मोहनकाका, सोडा' असं प्रसाद ओरडत होता, ते मला ऐकू येत होतं. हातातून धूर निघाल्यासारखं वाटलं. मग काडकन आवाज झाला. पुढच्या दांड्याची बांधणी सुटली, दांड्याला उभी चीर गेली, आणि होडी तिरपी होऊन धप्पकन सरळ पडली.

सरळ पडली हे खरं. किनाऱ्यावर लोक नाचत होते. उलांडीचं पुढचं टोक मात्र दांड्यापासून सुटून, मोडक्या पंखासारखं, पाण्यावर आडवं हलत होतं. मी मेस्तांकडे बघितलं नाही. माझे दोन्ही तळवे सोलून निघाले होते आणि ते मला तोवर कळलंच नव्हतं.

पंप लावून होडी रिकामी केली आणि संध्याकाळच्या आत किनाऱ्याला घेतली. साहेबांना रिपोर्ट दिला. त्यात 'जास्त भार आल्याने बांधणी निकामी झाली' असं लिहिलं. भार कोणी आणला ते लिहिलं नाही. बाबल येऊन मेस्तांसमोर मान खाली घालून उभा राहिला, त्याची माणसं चुकली म्हणून. मी तेव्हाही गप्प बसलो. याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्तांच्या मांडवात गेलो. ते उलांडीवरून हात फिरवत होते. लाकडाला ओरखडासुद्धा नव्हता. पावसाळ्यानंतर मीच त्यांना सांगितलं होतं की दांडे काथ्याच्या दोरीने कशाला बांधताय, स्टेनलेस स्टीलचे बोल्ट मारा. त्यांनी ऐकलं नव्हतं. बोल्ट असते तर बोल्टांनी उलांडीच फाडून काढली असती. काथ्या सुटला म्हणून उलांडी राहिली. एक दांडा नवीन करायचा आणि बांधणी नवी. उंडीच्या लाकडाचा एक लांब वासा त्यांच्याकडे होता. तासायला बाबलने एक सुतार दिला. बांधणीला मात्र मेस्तांचे हात चालेनात. दोरी वेढ्यात घालताना बोटं थरथरत आणि वेढा सुटे. मग ते सांगत गेले आणि मी बांधत गेलो, पट्ट्या गुंडाळलेल्या हातांनी.

तिसऱ्या की चौथ्या वेढ्याला मी त्यांना सांगून टाकलं. बांधणी रापणकरांनी तोडली नाही, मी तोडली.

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "मी बोटीतच होतंय मा?"

"मग बाबलला सांगितलं का नाही?"

 त्यांनी वेढा घट्ट झाला का ते चाचपून बघितलं. मग म्हणाले, "तुझो बापूसय असोच. तेनीय सोडूक नाय."

इथे मला माझ्या वडिलांच्या होडीबद्दल सांगायला हवं. मी आखातात असताना ती उलटली होती. वडिलांचं पत्र आलं होतं, एवढंच. 'होडी गेली. काळजी करू नये. पावसाच्या आत आलास तर बरं.' ज्या आठवड्यात पत्र मिळालं, त्याच आठवड्यात मी एका शेखची कॅटमरान चाळीस मिनिटांत सरळ केली होती आणि मालकाने मला घड्याळ दिलं होतं. मी नवीन होडीला पैसे पाठवले. वडिलांनी ते परत केले. मला सुट्टी मिळाली दोन वर्षांनी. तोवर ते समुद्रावर जायचे थांबले होते. रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन बसत आणि दुपारी घरी येत. गावातले लोक म्हणाले, ट्रॉलरने ओढताना होडी मोडली. मी जाऊन ट्रॉलरवाल्याशी भांडून आलो. तीस वर्षं माझा राग तिथेच होता. परवा प्रसादला 'ट्रॉलर नको' म्हणालो, त्यातही तो होताच.

"ट्रॉलरवाल्यान मोडूक नाय ती," मेस्त म्हणाले. "मी थंयसर उभो होतंय. ट्रॉलर वडी होतो, होडी सरळ येय होती. तुझ्या बापाशीक वाटला, ट्रॉलर होडी घेवन भायर जातलो. उलांडयेचो दोर धरून पाण्यात बसलो. चार जणांनी सांगल्यांनी, सोड रे, सोड. हातातसून रगात येय होता. सोडूक नाय. मगे मोडली."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"इचारलंस खंय? इलंस, ट्रॉलरवाल्याक गाळी घातलंस, गेलंस."

मी दोरी हातात धरून तसाच बसलो. मला वडिलांचा राग आला नाही. त्यांची फार आठवण आली. ते पाण्यात बसलेत, हातात दोर आहे आणि मी तिथे नाही. मी असतो तर एका मिनिटात त्यांना सांगितलं असतं की सोडा, काही होत नाही, माझं कामच आहे हे. आणि त्यांनी ऐकलंही असतं. मी ते पत्र पुन्हा आठवून बघितलं. 'आलास तर बरं' हे त्यांनी होडीसाठी लिहिलं नव्हतं.

"बांध," मेस्त म्हणाले. "अजून तीन वेढे आसत."

त्या संध्याकाळी मी बाबलच्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. तो हसला आणि चहा पाजला. साहेबांचा रिपोर्टही बदलून दिला. साहेबांनी वाचला, माझ्या हातांकडे बघितलं आणि महाशिवरात्रीची परवानगी दिली. अट दोनच. सगळ्यांना लाइफ जॅकेट आणि मागे प्रसादची इंजिनाची बोट.

शिवरात्रीला पहाटे मतलई होती. मतलई म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. जुनी माणसं उत्तरेकडे जाताना तोच धरायची. होडीत मी आणि मेस्त दोघंच. ते सुकाणूवर आणि मी शिडाच्या दोरावर. सुकाणूला त्यांचे हात थरथरत नव्हते. का, ते मला माहीत नाही. डॉक्टरला विचारायला हवं.

तीन तास आम्ही किनाऱ्याच्या कडेने उत्तरेकडे जात राहिलो. मला दोराचा तोच वास आला, सात वर्षांचा असतानाचा. समोर मात्र वडिलांची पाठ नव्हती, मागे सुकाणूवर मेस्त होते. वडील तिथे असावेत असं मला फार वाटलं. मी ते मोठ्याने म्हणालोही.

आचऱ्याच्या पुढे मतलई पडली, थोडा वेळ शीड लुळं लोंबलं, आणि मग नेहमीपेक्षा लवकर वायव्येचा वारा चढला. आम्ही तिरके तिरके वर चढू लागलो. एका वळणावर झपका आला. वाऱ्याकडची उलांडी पाण्यातून उठली. हातभर, मग दोन हात. प्रसाद उलटला होता ती हीच घटका. दोर माझ्या हातात ताठ झाला आणि नव्या कातडीला झोंबला.

मी हात उघडला. दोर सणसणत गेला, शीड फडफडलं, उलांडी धप्पकन पाण्यावर बसली. मागून प्रसादच्या बोटीचा भोंगा वाजला. मेस्तांनी वळून बघितलं नाही.

"बरा केलंस," ते म्हणाले.

अर्ध्या तासाने देवळाचा कळस दिसला. मेस्तांना त्यांच्या नजरेला दिसेपर्यंत आणखी थोडं जावं लागलं. किनाऱ्यावर जत्रेची गर्दी होती, भोंगे होते, एसट्या होत्या. समुद्रातून आलेली शिडाची होडी आमची एकच. मेस्तांनी हात जोडले आणि पाण्यात नारळ सोडला. "हंयसर तुझो बापूस शीड उतरवी," ते म्हणाले. मी शीड उतरवलं.

आता कुठे होडी उलटली की आसपासचे लोक मला बोलावतात. गेल्या वर्षभरात तीन केल्या. तिन्ही वेळा एकच पद्धत ठेवली. पाण्यात काही करायच्या आधी सगळ्यांना कोरड्या वाळूवर दोर धरायला लावायचा आणि तीन वेळा सोडायला लावायचा. ओढायचं शिकवावं लागत नाही, ते सगळ्यांना येतं. लोक हसतात. हसू देत. त्या रांगेत सगळ्यांत शेवटी मी स्वतः उभा राहतो आणि तीनही वेळा सोडतो.